चोरलेले पाऊण मिनिट

मी एक जुने वाळूचे घड्याळ आहे, मित्रांनो, आणि तुमच्यासमोर ताठ उभे राहायची मला लाज वाटते. म्हणून हे सगळे मी आडवा पडूनच सांगणार आहे. तुम्ही झाडाचे मनोगत ऐकले असेल, छत्रीची कहाणी वाचली असेल. झाड सावली देते, छत्री भिजण्यापासून वाचवते. त्यांच्याकडे सांगण्यासारखे काहीतरी असते. माझ्याकडे एक चोरी आहे. मी एका घरातल्या माणसाचा वेळ चोरला, दर रविवारी, सलग दोन वर्षे. कोणाला पत्ताही लागला नाही, आणि शिक्षा मात्र भलत्यालाच झाली.

माझा जन्म काचेच्या कारखान्यातला. प्रयोगशाळांना लागणाऱ्या परीक्षानळ्या, चंचुपात्रे आणि नरसाळी तिथे बनत. तिथल्या ज्योतीसमोर तीस वर्षे बसलेले एक कारागीर होते. मी ज्या घरात वाढलो तिथे सगळे त्यांना काका म्हणत, म्हणून मीही काकाच म्हणतो. काकांचा हात असा बसलेला, की त्यांनी फुंकलेल्या दहा नळ्या शेजारी ठेवल्या तर पहिली कोणती आणि दहावी कोणती हे त्यांनाही सांगता येत नसे. नव्या कामगारांना मालक त्यांच्याजवळ आणून उभे करी आणि म्हणे, "बघा आणि गप्प राहा."

हिवाळ्याच्या सुट्टीला एक दिवस उरला होता. काकांच्या मेहुणीच्या घरी दर रविवारी दुपारी पटाचा एक खेळ रंगत असे, आणि त्या खेळातले प्लास्टिकचे वाळूचे घड्याळ कोणाच्या तरी टाचेखाली येऊन चिरडले होते. काकांनी शब्द देऊन ठेवला होता, की सुट्टीनंतरच्या पहिल्या रविवारी नवे आणतो, आणि तेही माझ्या हातचे. दिवसभर कारखान्याचे काम उरकून शेवटच्या तासाभरात त्यांनी मला करायला घेतले. नळी तापवली, दोन्हीकडे फुगे फुंकले, मधली मान ओढून बारीक केली. वाळू सात पाण्यांनी धुऊन घरूनच आणली होती, ती पोटात भरली. दोन टोकांना दोन लाकडी टोप्या बसवल्या, एक तांबडी, एक निळी. तांबडी टोपी वर धरून मनगटावरचे घड्याळ पाहिले, तर बरोबर तीन मिनिटे. काका खूश झाले. इतक्यात कोणीतरी हाक दिली, की गॅस बंद करतोय, आवरा. काकांनी मला फडक्यात गुंडाळून खिशात टाकले. निळी टोपी वर धरून पाहायचे राहून गेले.

तिथेच घात झाला. घाईत ज्योत जरा जास्त लागून माझ्या मानेच्या आतल्या बाजूला काचेचा बारीक ओठ राहिला होता. तांबडी टोपी वर असली, की वाळू त्या ओठाला अडखळत सावकाश उतरे आणि तीन मिनिटे घेई. निळी वर असली, की तीच वाळू घसरगुंडीवरून येणाऱ्या पोरांसारखी सटासट खाली. सव्वादोन मिनिटांत कारभार आटोपला. एका अंगाने खरा आणि दुसऱ्या अंगाने खोटा, असा मी घरात आलो, आणि त्या घराने मला टाळ्या वाजवून घेतले.

आता त्या घराची ओळख करून देतो. माणसे मोजकीच आहेत. आई दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसे. दिवसभर आजारी लोकांना "थोडक्यात सांगा, मागे रांग आहे" असे सांगून सांगून तिला तीच सवय घरीही लागली होती. बाबा लिफ्ट दुरुस्त करत. ते इतके कमी बोलत, की आई म्हणे, यांच्या तोंडाला कुलूप आहे आणि किल्ली कुठल्यातरी लिफ्टच्या खड्ड्यात पडली आहे. त्यांची एकुलती एक मुलगी चिमणी. पाळण्यात होती तेव्हापासून तिची चोच बंद म्हणून नसे. शिवाय आईची मोठी बहीण, म्हणजे चिमणीची मावशी, आणि मावशीचे यजमान म्हणजे आपले काका. ती दोघे चार गल्ल्या पलीकडे राहत. मावशी पडदे आणि उशांचे अभ्रे शिवून देई. मापात चोख. खिडकीकडे नुसते पाहून कापड किती लागेल ते सांगे.

खेळ होता बेटांचा. प्रत्येकाची एक होडी, फाशावर पडेल तेवढी ती पुढे सरकवायची आणि शेवटच्या दीपगृहापाशी पोहोचायचे. चिमणीची तांबडी होडी, मावशीची पिवळी. पण या घराने त्या खेळाला स्वतःचा एक नियम जोडला होता. आधी बातमी, मग फासा. आठवडाभरात आपल्याकडे काय घडले ते पहिल्या फेरीत प्रत्येकाने सांगायचे, वाळू संपायच्या आत. आधी आटोपले तर छान. वाळू संपली आणि बातमी उरली, तर पहिला डाव हुकला आणि बातमी पुढच्या रविवारी. एकाची वाळू पुरती उतरली, की मला उलटून पुढच्यासमोर ठेवायचे. डाव संपला, की मी होतो तसा फडताळावरच्या उघड्या खोक्यात, आणि पुढच्या रविवारी तिथूनच पुढे.

पहिल्याच रविवारी काकांच्या वाट्याला माझी निळी बाजू आली. ते रंगात येऊन कारखान्यातल्या मांजराची हकिकत सांगत होते. मांजराने नेमकी कोणत्या खोक्यात पिल्ले घातली ते सांगायच्या आतच वाळू संपली. सगळे हसले. काकाही हसले, पण माझ्याकडे पाहत राहिले. पुन्हा निळी बाजू वर आली तेव्हा त्यांनी टेबलाखाली मनगट धरून घड्याळ पाहिले. त्यांचा चेहरा उतरलेला मी पाहिला. आयुष्यभर लोकांनी ज्या हाताची उदाहरणे दिली, त्या हाताने घरच्यांसाठी केलेली एकच वस्तू वाकडी निघाली होती. त्यांनी काहीच सांगितले नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे त्यांना वाटले असावे. मीही गप्प बसलो. तेव्हा खेळायला पाच जण होते. पाच वेळा उलटले, की पुढच्या रविवारी बाजू आपोआप बदले. आज ज्याला तीन मिनिटे, त्याला पुढच्या वेळी सव्वादोन. अन्याय होता, पण सगळ्यांच्या पानात सारखा वाढलेला. चार वर्षे अशी गेली, आणि मी स्वतःची समजूत घातली, की माझे पाप काही फार मोठे नाही.

मग एका हिवाळ्यात काकांच्या छातीत कळ आली आणि ते गेले.

दोन महिने पट उघडला नाही. पुढे आईनेच मावशीला आग्रह करून बोलावले. टेबलाजवळची एक खुर्ची उचलून आतल्या खोलीत ठेवली आणि चौघे खेळायला बसले. चिमणी, मावशी, आई, बाबा. मित्रांनो, गणितात तुमचे डोके चालत असेल तर तुमच्या एव्हाना लक्षात आले असेल. पाचाचे चार झाले आणि बाजू बदलेनाशी झाली. चार वेळा उलटले, की पुढच्या रविवारी मी पुन्हा जसाच्या तसा. चिमणीला तांबडी, मावशीला निळी, आईला तांबडी, बाबांना निळी. दर रविवारी तेच. बाबांचे काही अडले नाही, कारण त्यांची बातमी असे, "सगळं ठीक. एक लिफ्ट अडकली होती, निघाली." राहता राहिली मावशी.

तिची एकही बातमी पुरी होईनाशी झाली. एका बाईने शिवायला जुना पडदा आणला, त्याची काठाची शिवण उसवली तर आतून काय निघाले, एवढे सांगायच्या आत वाळू संपली. आत काय निघाले ते त्या घराला आजही माहीत नाही. मावशी हसे, हात मांडीवर ठेवी, आणि तिची पिवळी होडी बंदरातच राही. मग ती भराभर बोलायला लागली, तर चिमणी तिची नक्कल करी. मग ती तुटक-तुटक बोलू लागली, तर आईला वाटे, हिचे लक्ष नाही. एकदा भांडी आवरताना आई बाबांना म्हणाली, "ताई हल्ली बोलत सुटते. एकटी असते ना, साठतं सगळं." बाबांनी मान हलवली. आणि चिमणीने, तेव्हा नऊ वर्षांची होती ती, मावशीचे नवे नाव ठेवले: लांबणमावशी. लांबण लावणारी म्हणून. आईने तिला दटावले, पण दटावताना स्वतःच हसली. मी फडताळावरून सारे ऐकत होतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. चोर फडताळावर बसला होता, तोही काचेचा, आरपार दिसणारा, आणि तरी कोणाला दिसत नव्हता.

मला तोंड नाही हे मी सबब म्हणून सांगत नाही. एखाद्या रविवारी पडून फुटलो असतो तरी चालले असते. पण टेबल सपाट होते आणि मला फुटायची भीती वाटे. हेही खरेच आहे.

यंदाच्या हिवाळ्याची सुट्टी तीन आठवड्यांची होती. आई, बाबा आणि चिमणी बाबांच्या भावाकडे परगावी गेली होती. मावशी मागे राहिली, तिच्याकडे शिवायचे काम होते. सुट्टी संपून शाळा आणि कचेऱ्या उघडल्या आणि पहिला रविवार आला. घरभर परत आल्याची आवराआवर चालली होती. खुर्च्यांच्या पाठींवर ओले स्वेटर, कोपऱ्यात अर्धवट उपसलेली बॅग, भिंतीवर नवे कॅलेंडर अजून गुंडाळीचा बाक न गेलेले. चिमणीने पट मांडला. तीन आठवड्यांच्या बातम्या साठलेल्या, त्यामुळे सगळे उतावीळ झाले होते. चिमणीने चुलतभावंडांची, गोठलेल्या तळ्याची आणि हरवलेल्या हातमोज्याची बातमी दिली, आणि शेवटच्या कणाला नेमकी संपवली. मग तिने मला उलटले. निळी टोपी वर आली.

मावशी टेबलाच्या कडेला धरून बसली होती. अंगात लांब बाह्यांचा स्वेटर, एक हात मांडीवर.

"तुम्ही गेलात ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी माझ्या स्वयंपाकघरातला बल्ब गेला," ती म्हणाली. "शेजारचे पण बाहेरगावी. म्हटलं, एका बल्बसाठी कोणाला बोलवायचं. सकाळची वेळ होती. मी स्टूल घेतलं."

चिमणीला हसू आवरेना. तीन आठवड्यांनी भेटून बल्बाची बातमी. तिचे पाहून आई हसली. बाबासुद्धा किंचित हसले. मावशी बोलता बोलता थांबली. एकेकाच्या तोंडाकडे पाहत राहिली. वाळू काही थांबली नाही, ती आपली सटासट उतरत होती. मावशीने ओठ ओले केले आणि म्हणाली, "तर त्या स्टुलाचा एक पाय जरा..."

चिमणीने हात वर केला. "लांबणमावशी, वेळ संपली!"

ते नाव आजवर मावशीच्या पाठीमागे घेतले जाई. आता ते टेबलावर येऊन पडले. आई "अगं" एवढेच म्हणाली. बाबा पटाकडे पाहू लागले. चिमणीचे कान लाल झाले, पण उचलली जीभ लावली टाळ्याला, आता काय करणार?

"बरं," मावशी म्हणाली. "डाव गेला माझा." आणि तिने फासा बहिणीपुढे सरकवला, डाव्या हाताने. ती उजव्या हाताने काम करणारी बाई होती. ते त्या दिवशी फक्त मी पाहिले.

खेळ संपल्यावर चहा करताना आईने सहज विचारले, की ते बल्बाचे काय झाले. काही नाही गं, बदलला, असे मावशीने सांगितले. पिशवी घेतली आणि ती गेली.

पुढच्या रविवारी ती आली नाही. दुपारी तिचा फोन आला. गावाच्या दुसऱ्या टोकाला एकट्या बायकांसाठी निवास होता, तिथे तिने खोली घेतली होती. घर सोडले, मशीन नेले, सगळे आठवड्याभरात. आईने फोन ठेवला. मग चिडली. म्हणाली, सख्ख्या बहिणीला विचारायचीही गरज वाटली नाही हिला, बल्बाचे पुराण लावते आणि घर सोडल्याचे एका वाक्यात सांगते. पट उघडलाच नाही. मी खोक्यात निजून होतो आणि मला माहीत होते, की बल्बाचे ते पुराण सव्वादोन मिनिटांचे होते, आणि त्यातही अर्धा वेळ हसण्यात गेला होता.

माझी चोरी पकडली चिमणीने, आणि तीही शाळेमुळे. शाळेने अभ्यास दिला होता, की घरातली एखादी गोष्ट दहा वेळा मोजा, तक्ता करा, सरासरी काढा. चिमणीने बाबांचे मनगटी घड्याळ मागून घेतले आणि मला अभ्यासाच्या टेबलावर ठेवले. पहिल्यांदा तीन मिनिटे. दुसऱ्यांदा दोन मिनिटे पंधरा सेकंद. तिला वाटले आपण चुकलो. तिसऱ्यांदा तीन. चौथ्यांदा पुन्हा सव्वादोन. तिने बाबांचे घड्याळ कानाला लावून पाहिले, मग भिंतीवरच्या घड्याळावर मोजले. दहा आकडे झाले तेव्हा तिने पेन खाली ठेवले. थोड्या वेळाने वहीच्या मागच्या पानावर टेबलाचा चौकोन काढला, चार बाजूंना चार नावे लिहिली, आणि प्रत्येकासमोर एक-एक टोपी रंगवली. तांबडी, निळी, तांबडी, निळी. मावशीच्या नावाशी ती बराच वेळ थांबली. मित्रांनो, एखाद्या मुलीचे तोंड इतके लहान होताना मी पाहिले नव्हते. आम्ही दोघे समोरासमोर होतो. तिला माझी लाज वाटत होती की स्वतःची, ते मला कळले नाही. मला दोघांचीही वाटत होती.

तिने वही आईबाबांना दाखवली. आईने दोनदा वाचले. "पण आधी तर ती अशी नव्हती," ती म्हणाली, आणि मग बोटांवर मोजायला लागली. पाच होतो तेव्हा. चार झालो तेव्हा. मोजून झाल्यावर तिने हाताने डोळे झाकून घेतले. बाबा म्हणाले, "माझी पण तीच बाजू. मी दोन शब्द बोलतो म्हणून मला कळलंच नाही." बाबांच्या मानाने हे भाषणच होते.

शनिवारी दुपारी तिघे निवासात गेली. चिमणीने मला लोकरी मोज्यात घालून दप्तरातून नेले. भेटायला येणाऱ्यांसाठी तिथे एक लांबट खोली होती, मेणकापड घातलेले टेबल, कडेला बाके. दोन बायका खिडकीशी विणत बसल्या होत्या आणि त्यांच्या गप्पा आम्ही येण्याआधीपासून चालू होत्या. मावशी आली. तिने सगळ्यांना बसवले, पाणी दिले, डाव्या हाताने.

चिमणी पाठ केलेले सगळे विसरली. तिने मला मोज्यातून काढून मावशीसमोर ठेवले, वही उघडली आणि रडायला लागली. रडत-रडतच म्हणाली, की तुला कमी वेळ मिळत होता, मी तुला नाव ठेवलं, तू लांबण लावतच नव्हतीस.

मावशीने वही पाहिली, हसली, आणि म्हणाली, "मला माहीत होतं."

आईने हातातला पेला खाली ठेवला.

"पहिल्या रविवारी घरी गेल्यावर यांनी सांगितलं मला," मावशी म्हणाली. "जेवले नाहीत त्या दिवशी. म्हणाले, लोकांना सरळ दिलं आणि घरच्यांना वाकडं. पुढच्या सुट्टीत दुसरं करतो म्हणाले. चार सुट्ट्या गेल्या, ते काही झालं नाही."

"मग सांगायचं ना गं, ताई," आई म्हणाली.

"काय सांगू? ते गेल्यावर त्यांच्या हातचं तुमच्या घरात एवढंच उरलं होतं. ते वाकडं आहे म्हणून सांगू?" तिने मला उचलले आणि आडवे ठेवले. "घरी मशीनपाशी घड्याळ लावून बसायची मी. कापड कमी असलं की काटकसरीनं बेततो ना, तशी बातमी सव्वादोन मिनिटांत बसवायची. त्या दिवशीही बसवली होती. पण तुम्ही हसलात, तिथे धागा तुटला."

मित्रांनो, आजवर मला वाटत होते, की माझे व्यंग फक्त काकांना आणि मला ठाऊक आहे. जिचा वेळ मी चोरत होतो तीच बाई दर रविवारी मला चारचौघांत झाकत होती. चेष्टा सोसत होती, डाव हरत होती, आणि मी मात्र काकांची आठवण म्हणून फडताळावर मान वर करून बसलो होतो. शरमेने मेल्याहून मेल्यासारखे होणे म्हणजे काय, ते मला त्या मेणकापडावर कळले.

आईने विचारले, "स्टुलाचं काय झालं?"

मग मावशीने सांगितले. मी आडवा होतो, त्यामुळे वेळ मोजायला कोणी नव्हते. स्टुलाचा पाय निसटला आणि ती पडली. मनगट अंगाखाली सापडले, कंबरेत उसण भरली, उठता येईना. फोन बाहेरच्या खोलीत. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत ती स्वयंपाकघरातल्या फरशीवर पडून होती. इस्त्रीवाला कपडे द्यायला आला, दार उघडेना म्हणून त्याने खालच्या मजल्यावरून माणसे आणली. डॉक्टरांनी बजावले, की आता एकटे राहायचे नाही. तुमची सुट्टी मोडायला नको म्हणून फोन केला नाही, असे ती म्हणाली. तिने स्वेटरची बाही वर केली. मनगट अजून पुरते वळत नव्हते.

"त्या रविवारी मला एकच विचारायचं होतं," ती म्हणाली. "तुझ्याकडची मागची खोली रिकामी असते. मशीन घेऊन मी तिथे राहायला आले तर चालेल का? स्टुलापासून तिथपर्यंत पाऊण मिनिटाचंच बोलणं होतं."

आई उठून तिच्याजवळ गेली. "चल. आत्ता चल. मशीन मागून नेऊ."

मावशीने बहिणीचा हात धरून ठेवला. ती रागावलेली नव्हती, हे मी शपथेवर सांगतो. रागावली असती तर बरे झाले असते.

"नको गं. इथे बरं आहे मला. जेवायला आठ जणी असतो. कोणाला घाई नसते. रविवारी येईन मी, खेळायला येईन. फासा टाकीन." तिने वही मिटून चिमणीपुढे सरकवली. "बातम्या मात्र आता मी इथे सांगते."

ती बोलल्याप्रमाणे येते. दर रविवारी बसने येते, आपल्या जागी बसते. मला आता कोणी उलटत नाही. बातमीला वेळेचे बंधन नाही, हवे तेवढे बोल, असे आई तिला प्रत्येक वेळी सांगते. मावशीची पाळी आली, की सगळे हातातले सोडून तिच्याकडे पाहतात. बाबा तर खुर्ची पुढे ओढून बसतात. आणि मावशी हसून म्हणते, "सगळं ठीक," आणि फासा टाकते. पहिला डाव हुकत नाही म्हणून तिची पिवळी होडी आता झपाट्याने पुढे जाते. मागच्या रविवारी ती सगळ्यांच्या आधी दीपगृहापाशी पोहोचली. चिमणीने टाळ्या वाजवायला हात उचलले आणि तसेच खाली घेतले.

मी चिमणीच्या टेबलावर असतो. तिने मला टाकून दिले नाही, कारण मावशीने तसे बजावले आहे. शनिवारी दुपारी ती एकटीच निवासात जाते. जाताना बाबांचे घड्याळ मागत नाही. परत आली, की आई विचारते, काय म्हणाली मावशी? चिमणी सांगते, काही विशेष नाही, एका उशीच्या अभ्र्याचे सांगत होती. तेही पुरते नाही सांगितले. पण मी पुढच्या शनिवारी जाणार आहे, असे चिमणी म्हणते.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूने उपदेश करणे शोभत नाही. तरी विनवणी करतो. कोणाला वाचाळ म्हणायचे असेल, कोणाला संथ, कोणाला नेहमी उशीर करणारा, तर आधी तुमच्या हातातले माप दोन्ही बाजूंनी उलटून बघा. ते तुमच्या बाजूने खरे भरले म्हणून समोरच्याच्या बाजूने खरे असतेच असे नाही. आणि कोणी बल्बापासून बोलायला सुरुवात केली तर हसू नका. ज्याला मोठे काही मागायचे असते तो माणूस लांबून चालत येतो, वाटेत दोनदा थांबतो, दारापाशी आल्यावरही जरा घुटमळतो. त्याला आत येऊ द्या. आमच्या दारापर्यंत एक बाई आली होती, आणि मी तिला पाऊण मिनिट दिले नाही.